वाऱ्याची जागा

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मी नांदेडहून बदलून तिथे आलो. आमच्या ऑफिसात सात माणसं आणि चार खुर्च्या होत्या. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकने यायचे आणि व्हरांड्यात पडून राहायचे, कारण कपाटं अजून आली नव्हती. मी पाणीपुरवठ्याला डेप्युटी इंजिनिअर होतो. वय एकतीस. निवृत्तीसाहेब म्हणायचे मला, आणि माझं काही चुकतंय असं तोवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

दुष्काळ जिल्ह्याच्या आधीच येऊन बसला होता. ब्याऐंशीचा पावसाळा नावापुरता झाला, आणि त्र्याऐंशीच्या मार्चपर्यंत निलंगा तालुक्यातल्या निम्म्या विहिरींनी तळ दाखवला. त्यातच आम्हाला पाणी उपसणारी एक पवनचक्की मंजूर झाली. लोखंडी मनोऱ्यावर बारा पात्यांचं चाक, वारा असेपर्यंत पंप आपोआप चालणार, वीज नको की डिझेल नको. ती बसवायला मी करंजवाडी हे गाव निवडलं, आणि गावातली जागा अर्ध्या तासात ठरवली: चावडीपुढची विहीर. पाणी गुडघाभरच होतं, पण खोदाई करून वाढवता आलं असतं. ट्रक थेट तिथपर्यंत जात होता, सरपंच महादेवप्पा राजी होते, उद्घाटनाचा मांडव घालायला पटांगण होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पायाची आखणी करायला गेलो. फक्कीची पहिली रेघ मारली तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आल्या. तिशीच्या, पांढरी सुती साडी, काखेत एक जाड वही.

"साहेब, चक्की इथं फिरणार नाही," त्या म्हणाल्या.

महादेवप्पा म्हणाले, "या आमच्या शाळेच्या भूगोलाच्या बाई. पंचशीलाबाई. त्यांना वाऱ्याचा नाद हाय."

"नाद नाही, नोंद आहे," बाई म्हणाल्या आणि वही माझ्यापुढे धरली. "दहा महिन्यांची. इथं दिवसाला जेमतेम दोन तास चक्की फिरेल. चारी बाजूंनी घरं, वर लिंबाची झाडं, वारा येतो तो गिरक्या घेत येतो. खिंडीतल्या विहिरीवर उन्हाळ्यात सात तास मिळतील."

"खिंडीत विहीर आहे?" मी विचारलं. महादेवप्पांनी मला गावातल्या विहिरींची जी यादी दिली होती तिच्यात ती नव्हती.

महादेवप्पा फक्कीच्या रेघेकडे बघायला लागले. मग बाईच म्हणाल्या, "आमच्या वस्तीची आहे. बौद्धवस्तीची. आमचे वडील लिंबाजी आणि आणखी अकरा जणांनी अठ्ठावन्न साली पहारीनं आणि सुरुंगानं फोडली. गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते म्हणून. आजही दोन परस, दोन माणसं उभी बुडतील एवढं पाणी आहे. गावानं ते कधी प्यायलेलं नाही, म्हणून यादीत नसेल."

हे त्यांनी शाळेत हजेरी घ्यावी तितक्या सरळपणे सांगितलं. मी फक्कीची पाटी खाली ठेवली. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या कामात एक शाळामास्तरीण मला वारा शिकवत होती.

"मोजला कशानं?" मी विचारलं.

त्यांनी मला शाळेच्या गच्चीवर नेलं. तिथे एका बांबूवर सायकलच्या चाकाचा हब आडवा बसवलेला, त्याला चार काड्या, आणि काड्यांच्या टोकांना पत्र्याच्या चार गोल वाट्या. वाऱ्याने वाट्या फिरल्या की हबला लावलेली एक खिटी सायकलच्या मैल मोजणाऱ्या मीटरला टोला द्यायची आणि आकडा पुढे सरकायचा. बाई ते आळीपाळीने चावडीवर आणि खिंडीत नेऊन लावायच्या. निलंग्याच्या नजीरभाईंनी ते केलं होतं. हे नजीरभाई पत्र्याचे डबे, चाळण्या, कंदील करणारे. पुढे त्यांची माझी ओळख झाली तेव्हा ते म्हणाले, "बाईनं चार दफे वापस केलं, साहेब. पहिल्या वाट्या उडून गेल्या, दुसऱ्या वजनदार झाल्या. मी म्हटलं, बाई, हवा मोजायला कोण बघतं? तर म्हणल्या, मी बघते."

हे सगळं सुरू कसं झालं, तेही बाईंनी गच्चीवरच सांगितलं. आदल्या वर्षी एक तपासणी अधिकारी शाळेत आले होते. ते म्हणाले, तुमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना वारे आणि समुद्राचे प्रवाह काय कळणार, तो धडा वरवर घ्या. बाईंना ते लागलं. "समुद्र नसेल आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "पण वारा तर रोज दारावरून जातो. त्यानंच सुरुवात करावी म्हटलं."

"ठीक आहे. पण खिंडीतच का जास्त?" मी विचारलं. मला वाटलं होतं इथे त्या अडतील.

"चला घरी. चहाही होईल."

त्यांचं घर वस्तीच्या कडेला होतं. आई सरजाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. घरात बाईंनी मला खिडकीपाशी नाही, उंबऱ्यावर बसवलं, आणि पाय आत ठेवायला सांगितले. चूल पेटलेली, धूर सरळ वर छपराच्या फटीतून चाललेला, आणि माझ्या पायांना दारातून गार झुळूक लागत होती.

"लागतंय?" त्यांनी विचारलं. "बाहेर आज पानही हलत नाही. मग ही झुळूक कुठून आली? चुलीवरची हवा तापली, पसरली, हलकी होऊन वर गेली. तिची जागा भरायला दाराची गार हवा जमिनीलगत आत आली. माळ म्हणजे आमची चूल. काळा खडक, झाड नाही, ओल नाही, दहा वाजेपर्यंत तव्यासारखा तापतो. खाली ओढ्याकाठी चिंचा आहेत, सावली आहे, तिथली हवा गार राहते. ती वर चढते, आणि चढायला वाट एकच, ती खिंड. अरुंद वाटेनं जायचं म्हणजे जोरात जावं लागतं."

सरजाबाई चहा गाळत म्हणाल्या, "पन्नास वर्सं चुलीम्होरं बसले. पायाला गार लागतं हे ठावं व्हतं. पोरीनं सांगितलं तवा कळलं का लागतं."

मी चहा प्यायलो. इंजिनिअरिंगला असताना हे सगळं मी समीकरणांत सोडवलं होतं आणि चांगले मार्क मिळवले होते. पण कुठल्याही गावात पाऊल टाकून, इथली चूल कुठली आणि दार कुठलं, असं मी कधी बघितलं नव्हतं.

तरी सरकारी माणूस वहीवर विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, तीन दिवस दोन्हीकडे मोजू. चावडीवर एक यंत्र, खिंडीत एक, दोन्ही सारख्याच उंचीवर, आकडे मी स्वतः घेणार. महादेवप्पा हसले. "साहेब, घ्या की. वारा सगळीकडं सारखाच असतोय."

"सगळीकडं सारखं तापलं असतं तर वारा सुटलाच नसता, महादेवप्पा," बाई म्हणाल्या.

दुसरं यंत्र घेऊन नजीरभाई सकाळच्या एसटीने निलंग्याहून आले. पहिल्या दिवशी आठ वाजता निम्मं गाव खिंडीत जमलं. वाट्या जागच्या हलत नव्हत्या. नऊ वाजले, तरी नाही. लोक बाईंकडे बघायला लागले. बाईंनी घड्याळ बघितलं, "साडेदहानंतर येईल, अजून माळ तापला नाही," म्हणाल्या आणि मुलांना घेऊन चिंचेखाली तास सुरू केला. मीही तिथे जाऊन बसलो, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

नजीरभाईंनीच झाळून दिलेला हातभर लांबीचा एक पत्र्याचा ट्रे होता. त्यात पाणी भरलं, एका टोकाखाली स्टोव्ह ठेवला, दुसऱ्या टोकाला ओलं गोणपाट गुंडाळलं. विहिरीत टाकायच्या जांभळ्या औषधाचे चार खडे बाईंनी गार टोकाला हळूच सोडले. खडे तळाला गेले. थोड्या वेळाने तळावरून जांभळी रेघ निघाली ती सरपटत गरम टोकाकडे गेली, तिथे वर उठली आणि वरच्या वर परत गार टोकाकडे वळली. कुणी पाण्याला हात लावला नव्हता.

"आता हा ट्रे म्हणजे पृथ्वी," बाई म्हणाल्या. "मधल्या पट्ट्यावर सूर्य डोक्यावर येतो, तिथं जास्त तापतं. ध्रुवांकडे किरण तिरपे पडतात, तिथं कमी. तेवढ्या फरकावर जगातलं सगळं वारं चालतं. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी समुद्रावरची ओली हवा आपल्याकडे येते. तोच आपला पाऊस." मग वाकून त्यांनी पाण्यावर आडवी फुंकर घातली. वरचं पाणी पुढे सरकलं आणि टोकाला जाऊन साचलं. "आणि वारा समुद्राला असं ढकलतो. तापलेलं पाणी एकीकडे नेऊन ठेवतो, तिकडे ढग होतात. मोठ्या समुद्रावर वर्षानुवर्षं असं तापलेलं पाणी आपल्या बाजूला येतं. औंदा तिकडचे वारे मंदावले. ते पाणी उलट अमेरिकेकडे सरकलं. रेडिओवर सांगत होते, तिकडं वाळवंटात पूर आलेत."

महादेवप्पा मागे उभे होते. ते म्हणाले, "म्हंजे आमचा पाऊस तिकडं गेला?"

"पूर्ण हिशोब अजून कुणालाच लागलेला नाही. पण एक कारण ते दिसतंय."

"गावात तर म्हणून राहिलेत, नवा जिल्हा झाला अन् पाऊस गेला."

"जिल्हा ऑगस्टात झाला," बाई म्हणाल्या. "पावसानं जूनमध्येच तोंड फिरवलं होतं. वहीत आहे."

मुलं हसली, आणि महादेवप्पाही थोडे हसले. तेवढ्यात वरून नजीरभाईंची हाक आली. "हिलून राहिलंय."

दहा चाळीस झाले होते. वाट्या आधी दचकल्यासारख्या हलल्या, मग फिरायला लागल्या, आणि पाच मिनिटांत चार वाट्यांची एक चकाकती कडी झाली. खिंडीत उभं राहिलं की ओढ्याकडचा वारा पाठीला रेटत होता. तो पाचनंतर पडला. मीटरवर खिंडीत एकोणीस हजार फेरे झाले होते, चावडीवर चार हजार. दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेच.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या बेताला बाई शाळेत आल्या. मी तिथेच मुक्काम केला होता.

"साहेब, उद्या खिंडीत वारा पडलेला असेल," त्या म्हणाल्या. "दक्षिणेला ढग धरायला लागलेत. उद्या आभाळ भरून येईल, पाऊस पडणार नाही, पण माळ तापणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"उद्याचा आकडा खराब आला तर महादेवप्पा तेच धरून बसतील, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. म्हणूनच आज आले."

आणि तसंच झालं. दिवसभर ढगांचं झाकण, कोंदट हवा. खिंडीत जेमतेम तीन हजार फेरे, चावडीवर त्याहून किंचित कमी. संध्याकाळी चावडीवर बैठक बसली. महादेवप्पा म्हणाले, "बघा साहेब. दोन्हीकडं सारखंच. वाऱ्याचा काय भरवसा? आपली चावडी बरी."

"हा आकडा मला काल संध्याकाळीच कळला होता," मी म्हणालो. "बाईंनी सांगितला होता. चक्की चालेल हे कुणीही सांगतं. ती कोणत्या दिवशी चालणार नाही हे जो आधी सांगतो, त्याच्यावर मी टाकी बांधू शकतो. ढगाळ दिवस लागोपाठ दोन आले तरी पुरेल एवढी टाकी माळावर बांधायची. चक्की खिंडीत बसेल."

बैठक मोडल्यावर महादेवप्पा माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "साहेब, तुम्ही परके. चक्की बसवाल अन् जाल. गाव त्या विहिरीचं पाणी पिणार न्हाई."

"टँकर किती दिवसांनी येतो?"

"चार. कधी पाच."

"मग गावानं ठरवावं," मी म्हणालो. तोंडाने म्हणालो खरं. पण पाच वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात काय काय पेटलं होतं ते मला आठवत होतं, आणि करंजवाडीलाही आठवत असणार.

वस्तीतही सगळं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरापुढे लोक बसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आमच्या हातांनी खडक फोडला तवा गावानं तांब्याभर पाणी दिलं न्हाई. आता आम्ही का द्यावं?" पुष्कळांनी माना हलवल्या. पंचशीलाबाई उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "द्यायचं नाही म्हणालात तर नाही. विहीर आपली आहे. पण दिलं तर आपल्या अटीवर द्यायचं."

"कंच्या अटीवर?"

त्यांनी माझ्याकडे हात केला. "साहेब, नकाशा दाखवा."

मी नळांचा नकाशा उलगडला. त्यात टाकीपासून दोन फाटे काढले होते. एक नळकोंडाळं गावात, एक वस्तीत. माझ्या ऑफिसात असे नकाशे नेहमीच निघायचे आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नसे. मलाही दिसलं नव्हतं. बाईंनी पर्समधून लाल शाईचं पेन काढलं आणि मुलांच्या वहीत चूक दाखवावी तशी दोन्ही फाट्यांवर काट मारली. मग माळावर, गाव आणि वस्तीच्या मधोमध, एक चौकोन काढला.

"एक टाकी, एक कोंडाळं, एक रांग. हे लिहून द्या. मग वस्ती सही करेल."

सरजाबाई म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलून राहिली." म्हाताऱ्याने अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागितला. मी त्याच ओट्यावर बसून नवा नकाशा काढला. लातूरला माझ्या वरच्या साहेबांनी विचारलं, दोन ठिकाणी नळ का नाहीत. मी म्हटलं, पाइप वाचतो. ते खरंही होतं.

मे महिन्याच्या शेवटी चक्की उभी राहिली. मांडव घातला नाही. पात्यांची कुलपं नजीरभाईंनीच काढली आणि खाली उतरून जमिनीवर बसून राहिले. पावणेअकराला चाक फिरलं. दांडा वरखाली व्हायला लागला, पाइपातून आधी हवा खोकली, मग पाणी चढलं. दुपारी टाकीच्या तळाला ते पसरलं तेव्हा वस्तीतली चांगुणा, जिने पायाच्या खड्ड्यावर महिनाभर मजुरी केली होती, आत वाकून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "रोज असंच?" बाई म्हणाल्या, "ढग नसले तर रोज."

त्या दिवशी फक्त वस्तीने पाणी भरलं. गावातल्या बाया लांब बांधावर उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महादेवप्पा दोनदा निलंग्याला जाऊन आले. मी रोज सकाळी कोंडाळ्याजवळ उभा राहायचो आणि पाण्यापेक्षा बांधाकडेच जास्त बघायचो. बाई मात्र शाळेत शिकवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "येतील. तहान लागली की माणूस येतोच. आपण घाई करायची नाही आणि बोलवायलाही जायचं नाही."

चौथ्या दिवशी सकाळी महादेवप्पांच्या आई, सत्तरीच्या पार्वतीबाई, कमरेवर घागर घेऊन एकट्या माळ चढून आल्या. गळ्यात इष्टलिंग, अंगात ताप असावा तसा श्वास. त्या सरळ नळापाशी गेल्या.

रांग लावायला चांगुणा उभी होती. तिने पंचशीलाबाईंकडे पाहिलं. बाई शाळेत जाता जाता थांबल्या होत्या.

"आजी," बाई म्हणाल्या, "रांग मागून आहे."

पार्वतीबाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं, मग रांगेकडे. पंधरा-सोळा बाया होत्या. म्हातारी सावकाश चालत मागे गेली आणि सरजाबाईंच्या पाठीमागे उभी राहिली. सरजाबाईंनी आपली रिकामी घागर पालथी घालून तिला बसायला दिली.

"पाणी वाऱ्यानं चढवलंय म्हणत्यात," बसल्यावर पार्वतीबाई म्हणाल्या. "माझं वाऱ्याशी भांडण न्हाई."

"विहीर आमच्या मालकांनी फोडली," सरजाबाई म्हणाल्या.

पार्वतीबाईंनी आपली घागर पुढ्यात ठेवली. "ठाव हाय," त्या म्हणाल्या. "सुरुंगाचे आवाज यायचे. आमच्या घरातली भांडी वाजायची."

घागर भरली तेव्हा ती उचलून द्यायला चांगुणाने हात लावला, आणि म्हातारीने लावू दिला. बांधावरच्या बायांनी ते बघितलं. दुपारपर्यंत रांग उताराच्या खाली गेली होती. गावातली सगळीच घरं आली असं नाही. पाच-सहा घरांनी पावसाळ्यापर्यंत बैलगाडीने शेजारच्या गावाहून पाणी आणलं. पण टाकी रोज भरत होती आणि रोज रिकामी होत होती, आणि महादेवप्पांनी टँकरसाठी पुन्हा अर्ज केला नाही.

त्र्याऐंशीचा पाऊस चांगला झाला. ओढा वाहिला, माळ हिरवा झाला, आणि जुलैत खिंडीतला वारा बदलला. तोही बाईंच्या वहीत गेला. चक्कीला वंगण घालायला नजीरभाई महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी दाराच्या पाटीवर डबे-कंदिलांच्या खाली 'पवनचक्की दुरुस्ती' असं रंगवून घेतलं, जरी जिल्ह्यात तेव्हा चक्की एकच होती.

पुढच्या वर्षी आम्हाला दुसरी चक्की मिळाली, रेणापूरकडच्या एका गावासाठी. मी पंचशीलाबाईंना पत्र लिहिलं की गाव ठरलं आहे, तुम्ही येऊन जागा दाखवा, साहेबांनी एका महिन्याची मुदत दिली आहे. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत होतं.

"यंत्र नजीरभाईंच्या हाती पाठवते आहे. गावातल्या एखाद्या जबाबदार बाईला ते शिकवा. एक वर्ष आकडे घ्यायला सांगा. मोजल्याशिवाय मी जागा सांगणार नाही."

मी ते पोस्टकार्ड साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि फायलीवर लिहिलं: एक वर्ष मुदतवाढ.